बोसनना बंद खिडकी चालत नाही

आमचे बोसन जुन्या इमारतींची चित्रं काढतात, पण बंद खिडकी काढत नाहीत. इमारत कितीही देखणी असू दे, एक जरी खिडकी लावलेली दिसली की ते ब्रश पिशवीत टाकतात आणि मला म्हणतात, "साळवी, जा, ती खिडकी उगडून घे." जशी काही ती खिडकी माझ्या वडिलांनी बसवली आहे आणि मी तिथे केवळ कडी काढायला जन्माला आलो आहे.

आता रत्नागिरीत राहून उघड्या खिडकीचा हट्ट धरायचा म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. निम्मी घरं कुलपात आणि माणसं मुंबईला. घर उघडतं ते गणपतीत आणि शिमग्यात. मग शहाण्या माणसाने गणपतीत आणि शिमग्यात चित्रं काढावीत आणि बाकीचं वर्ष गप्प बसावं. बोसन गप्प बसत नाहीत. ते घरमालकाला मुंबईला फोन लावतात.

जयगडला खाडीच्या तोंडाशी एक जुनं दुमजली घर त्यांच्या मनात भरलं. रविवारी भर उन्हात माझ्या स्कूटरवरून आम्ही तिथे गेलो. खिडक्या अर्थातच बंद. बोसननी शेजारच्या बाईंकडून मालकाचा नंबर मिळवला आणि स्वतःचं नाव-गाव काही न सांगता फोनवर थेट विचारलं, "घराच्या खिडक्या उगडायला कदी येतोस?"

समोरचा माणूस घाबरला. घराला आग लागली असं त्याला वाटलं, नाहीतर चोर शिरले. "काय झालंय? कोण बोलताय तुम्ही?" असं तो ओरडतोय, ते मला शेजारी उभं राहून ऐकू येत होतं. बोसन शांत. "अजून काय झाला नाय. पन लवकर ये. सकाळच्या उनात पोचलास तर बरा."

तो बिचारा दोन मेहुण्यांना घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच हजर झाला. घर जागच्या जागी उभं पाहून रडावं की मारावं हे त्याला कळेना. त्याने मारायचं ठरवलं असतं तर मी मध्ये पडलो नसतो. पण बोसन म्हणाले, "आलास ना? मग खिडक्या उगड आदी." आणि त्या माणसाने उघडल्या! मेहुण्यांनी केर काढला. दुपारपर्यंत सगळे ओटीवर पाय पसरून बसले होते आणि आजोबांच्या गोष्टी काढून हसत होते. समोर माडाच्या सावलीत बोसन चित्र काढत होते. मी कचेरीतून रजा टाकून त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. मला चहासुद्धा अर्धाच कप मिळाला.

बोसन म्हणजे गजानन शिवलकर. उभं आयुष्य मालवाहू बोटींवर गेलं. साधे खलाशी म्हणून चढले आणि बोसन होऊन उतरले. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. माणूस बोटीवरून उतरला, पण हुद्दा काही उतरला नाही. लोखंडाचा गंज खरवडायचा आणि त्यावर रंग मारायचा, हे काम त्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्यांनी देशोदेशीच्या बंदरांत केलं. त्यामुळे त्यांना रंगाची भीती नाही आणि दुसऱ्याला कामाला लावायची लाज नाही. बायको फार पूर्वी गेली, मूलबाळ नाही, एवढं आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापुढचं कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

डावं-उजवं हे शब्द त्यांना मान्य नाहीत. डावीकडे म्हणजे पोर्ट आणि उजवीकडे म्हणजे स्टारबोर्ड. स्कूटरवर मागे बसून ऐन चौकात ते "स्टारबोर्ड!" अशी आरोळी ठोकतात, मी डोक्यात हिशेब करून हँडल वळवेपर्यंत समोरून एसटी आलेली असते आणि एसटीचा ड्रायव्हर मला जे म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोसन त्यालाही मागून सांगतात, "बरोबर बोलतोस. याला कितीदा शिकवला मी."

लोक त्यांना म्हणतात, बोसन, ब्रह्मदेशच्या राजाला ठेवलेला तो राजवाडा काढा, पर्यटक हातोहात घेऊन जातील. बोसन म्हणतात, "बिचाऱ्याला डांबून ठेवलेला तितं. तो खिडकीतून समुद्र बगत मेला. त्याचा चित्र काडून तू दिवानखान्यात लावनार?" विचारणारा माणूस पुन्हा विचारत नाही. मग ते मिरकरवाड्याच्या वाटेवरची कुठलीतरी मोडकी मासळीची शेड काढतात, कारण तिच्या खिडकीला झडपच नाही. झडप नाही म्हणजे ती बंद होण्याचा प्रश्नच नाही. त्या शेडचं चित्र त्यांनी मला वाढदिवसाला दिलं. त्याला अजून बांगड्याचा वास येतो.

बंद खिडकीशी त्यांचं एवढं काय वाकडं आहे, हे मी एकदा वैतागून विचारलं होतं. तेव्हा त्यांनी मला चित्रकलेचा धडा दिला.

"तुला डोळे हायत पन बगत नाय तू. उगडी खिडकी लांबून कशी दिसते? काळी. आत काळोख असतो. तो काळोख भरला की भिंत उबी राहते, घर उबा राहतो. काळोख भरल्याशिवाय खिडकी होत नाय. बंद खिडकी म्हंजे काय, भिंतच. भिंतीवर भिंत कशाला काडू?"

मला ते पटलं. पुढे प्रत्येक चित्राच्या शेवटी हा काळोखाचा सोहळा मी पाहिला. सगळं झालं की ते निळा आणि तपकिरी रंग एकत्र घोटून दाट काळा करतात आणि एकेका खिडकीत तो भरत जातात. "काळोख भर, काळोख भर" असं पुटपुटत. आणि खरंच, तोवर कागदावर पसरलेली ती इमारत एकदम उभी राहते. माणूस विक्षिप्त आहे पण कलेतलं त्याला कळतं, असं मी शुभाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. शुभा म्हणाली, "मग मिक्सर तेवढा परत मागा."

हे मिक्सरचं प्रकरण सांगायलाच हवं. बोसनना बाजारातला कागद चालत नाही. हातकागद लागतो, आणि तोही स्वतःच्या हाताने केलेला. त्यासाठी सुती चिंध्या लागतात. दोरीवर वाळत घातलेला कुठला बनियन अजून वापरात आहे आणि कुठला चिंधी झाला आहे, हे आमच्या बिल्डिंगमध्ये बोसन ठरवतात. माझे निम्मे बनियन आज रत्नागिरीतल्या निरनिराळ्या दिवाणखान्यांत काचेमागे लटकलेले आहेत. चिंध्या कापायच्या, भिजवायच्या, शिजवायच्या आणि मग त्यांचा लगदा करायचा. लगदा आमच्या मिक्सरमध्ये. शुभा मिक्सर देते. मी मागितलेला दुसरा चहा देत नाही, पण वरच्या मजल्यावरून बोसनची "वैनी!" अशी हाक आली की मिक्सर घेऊन जिना चढते. मग मच्छरदाणी ठोकलेल्या जुन्या चौकटीवर तो लगदा पाण्यातून उचलायचा, फडक्यावर उलटा करायचा आणि गच्चीत वाळवायचा.

एवढं करूनही भागत नाही. कच्च्या कागदावर रंग फुटतो, म्हणून त्याला खळ लावावी लागते. बोसन खळ म्हणून उकड्या तांदळाची पेज लावतात, तीही आमच्याच घरची. "कोकनात कागद करायचा तर पेजेनंच," म्हणतात. पेज लावलेला कागद आमच्या दमट हवेत पंधरवडाभर सुकत नाही, आणि सुकलाच तर झुरळांना फार आवडतो. जुन्या कस्टम कचेरीच्या चित्राचा अख्खा वरचा मजला झुरळांनी खाल्ला. तेव्हापासून तयार कागद ठेवायला त्यांना कोरडी जागा हवी होती. ती त्यांना आमच्या तांदळाच्या पिंपात सापडली. शुभा तांदूळ काढायला हात घालते तेव्हा आधी गुंडाळी बाहेर काढते, तांदूळ घेते आणि गुंडाळी पुन्हा आत ठेवते. हे सगळं मला एखाद्या दिवशी रजेवर असताना समजतं.

मे महिन्यात सावर्ड्याहून माझ्या सासूबाई राहायला आल्या. गच्चीत आमचे तांदळाचे पापड वाळत होते आणि त्यांच्या शेजारी, एकाच चादरीवर, बोसनचे पत्त्याएवढे लहान कागद वाळत होते. त्याच पेजेचे, त्याच रंगाचे. दुपारी जेवताना सासूबाईंनी प्रेमाने पापड तळून जावयाच्या ताटात वाढला. मी चावत राहिलो. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून आणखी एक घेतला. तिसरा चावताना मला कापसाचा धागा लागला आणि माझ्या मनात एक भयंकर शंका आली. मी वर जाऊन बोसनना जाब विचारला. ते रागावतील, निदान माफी मागतील, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "कुरकुरीत झाला काय?"

"झाला," मी म्हणालो.

"म्हंजे खळ बरोबर बसली," ते म्हणाले आणि समाधानाने हात धुवायला गेले.

त्यांच्या पेटीत पांढरा रंग नाही. आभाळ, चुन्याची भिंत, धुतलेलं फडकं, चित्रात जे जे पांढरं दिसतं तो उघडा ठेवलेला कागदच. "पांडरा विकत घ्यायचा नसतो. तो कागदातच असतो, आपन फक्त त्याच्या अंगावर जायचा नाय." हेही मला तेव्हा त्यांच्या कंजूषपणाचंच आणखी एक रूप वाटलं होतं.

पण मिक्सर, बनियन आणि पापड यांपेक्षा माझं खरं दुखणं वेगळं आहे. बोसन आमच्या अगदी वरच्या घरात राहतात आणि स्वतःच्या घरातली रस्त्याकडची खिडकी ते कधीही लावत नाहीत. कधीही म्हणजे श्रावणातही नाही. पाऊस आडवा येतो, खोलीत पाणी साचतं आणि आमच्या हॉलच्या छतातून खाली उतरतं. छतावर आधी एक डाग होता. आता त्याला सोबत मिळाली आहे. मी विनवण्या केल्या, भांडलो, सोसायटीच्या सभेत विषय काढला. सभेत बोसन म्हणाले, "साळवीला बादली द्या." आणि लोक हसले.

तर असा हा माणूस. गावातली प्रत्येक जुनी शाळा, कचेरी, धर्मशाळा त्याने कागदावर उतरवली, पण मांडवी रस्त्यावरची खातूंची वखार मात्र काढली नाही. वखार सुंदर आहे. खाली जांभ्या चिऱ्याच्या कमानी, वर लाकडी मजला, उतरती कौलं आणि बरोबर मध्यावर वरची एक मोठी खिडकी. ती खिडकी मात्र चिरे रचून बुजवलेली. लोक बोसनना विचारत, वखार का नाही काढली? ते म्हणत, "खिडकी बंद हाय," आणि विषय संपवत. एवढंच नाही, तर त्या रस्त्याने ते जातही नसत. मांडवीला जायचं असलं तरी आधीच्या गल्लीशी "स्टारबोर्ड!" व्हायचं आणि सगळ्या गावाला वळसा. पेट्रोल माझं.

यंदा उन्हाळ्यात बातमी आली की खातू वखार पाडणार. मासळीवालीने शुभाला सांगितलं, शुभाने मिक्सर द्यायला गेल्यावर बोसनना सांगितलं. त्या दिवशी ते मिक्सर घ्यायला विसरले. नंतर मागायलाच आले नाहीत. गच्ची मोकळी पडली. माझे बनियन दोरीवर सुखरूप राहू लागले आणि शुभा कासावीस झाली. "काहीतरी झालंय त्यांना. विचारा ना जाऊन." मी म्हणालो, "मला शांतता मिळालीय, ती उपभोगू दे." तर बोसनच खाली आले. खुर्चीवर बसले आणि छतावरच्या डागांकडे बघत राहिले.

"वखार पाडतायत काय रे?"

"पाडतायत."

"तिचा चित्र राहिला माजा."

"मग काढा की! कोणी धरलंय?"

"खिडकी बंद हाय."

"अहो, एक खिडकी बंद काढलीत तर काय आभाळ कोसळणार आहे? बाकी सगळी वखार उघडी आहे!"

"बंद खिडकी मी काडत नाय."

"मग नका काढू!"

"ता कसा?" बोसन म्हणाले. "पाडल्यावर मग कुटं बगू मी तिला?"

त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. बोटीवरच्या माणसांना हुकूम सोडणारा हा आवाज नव्हता. मला त्याचाही राग आला. या माणसाने आयुष्यभर माझ्यावर हुकूमच सोडावेत, असा विनंतीचा आवाज काढू नये. मी तिरीमिरीत उठलो, चपला घातल्या आणि स्कूटर काढून थेट मांडवीला गेलो.

वखारीच्या खाली बाबू खातूंचं दुकान आहे. दोरखंड, ताडपत्री, बादल्या, खिळे. खातू बोसनच्याच वयाचे. गल्ल्यावर बसून दोरीची गाठ सोडवत होते. मी भांडायच्या तयारीनेच शिरलो.

"खातूशेठ, वखार पाडताय ना? पाडायच्या आधी वरची खिडकी उघडून द्या. एका माणसाला चित्र काढायचंय."

"कोनाला?"

"बोसनना. गजानन शिवलकर."

खातूंचा हात दोरीवर थांबला. "तो आला हाय?"

"ते कशाला येतात! मी आलोय. सगळीकडे मीच येतो."

"त्याच्या बायकोनं माजा तांदूळ कुजवलान," खातू म्हणाले.

"त्यांनी माझं छत कुजवलंय," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. खातूंनी पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. एकाच बिऱ्हाडाने छळलेले दोघेजण भेटले की ओळख वाढायला वेळ लागत नाही. मी बसलो आणि मिक्सरपासून सुरुवात करणार, तोच खातू बोलायला लागले. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, दोरीकडेच बघत होते.

"वर आमच्याच खोलीत भाड्यानं राहायची दोगं. दोगं कसली, ती एकटीच. हा बोटीवर. कदी सुटनार, कंच्या बंदरात उतरवनार, ता त्यालाच ठाऊक नसायचा. कदीतरी येस्टीतनं उतरायचा न ट्रंक खांद्यावर घेऊन चालत यायचा. त्या वळनावरनं पयली दिसते ती आमची वरची खिडकी. ती बाय खिडकी लावायची नाय. दिवस असो, पाऊस असो. खाली माजी तांदळाची पोती, वरनं पानी. मी सांगून दमलो, वैनी, लावा ती खिडकी. ती म्हनायची, भावजी, ते आले न बंद दिसली तर त्यांना वाटेल मी नाय."

दुकानात एक गिऱ्हाईक आलं. खातूंनी त्याला नंतर ये म्हणून सांगितलं.

"मग तिला ताप आला. पावसाचे दिवस. बगता बगता गेली. तिच्या भावानं बोटीवर कळवला होता, पन त्याला पोचला नाय. मी वर गेलो तर खोलीत पानी भरलेला. खाली माजी पोती. मी खिडकी लावली न कडी घातली." ते थांबले. "न हा आला. वळनावर आला न उबा राहिला. ट्रंक खाली ठेवलान. मी हितं बसलो होतो, हितंच. उठून जाऊन सांगायला पायजे होता मी. माजे पाय उचलले नायत. त्याला कोनी सांगितला नाय, साळवी. त्या खिडकीनं सांगितला."

 समोर बादल्यांची एक मोठी उतरंड होती, तिच्याकडे मी बघत राहिलो.

"नंतर कडी मोडली," खातू म्हणाले. "वाऱ्यानं ती खिडकी आपसूक उगडायची. मला बगवेना. मग मी चिरेच घातले. त्याला वाटला आसनार, पान्यासाठी घातले." त्यांनी ती दोरी तशीच गुंतलेली बाजूला ठेवली. "गवंडी मी आनतो. तू त्याला आन."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रजा टाकली. बोसनना स्कूटरवर बसवलं, कागदाची गुंडाळी त्यांच्या मांडीवर दिली. कुठे जायचंय ते सांगितलं नाही. नेहमीच्या गल्लीशी आल्यावर मागून आरोळी आली, "स्टारबोर्ड!" मी वळलो नाही. "स्टारबोर्ड, मेल्या! स्टारबोर्ड!" मी सरळ गेलो. मग मागचा आवाज बंद झाला आणि माझ्या खांद्यावर त्यांचा हात घट्ट बसला.

वळणावर स्कूटर थांबवली. वर गवंड्याने चिरे काढून संपवले होते आणि मागच्या जुन्या लाकडी फळ्या दिसत होत्या. खातू स्वतः वर गेले होते. फळ्या फुगलेल्या, त्यांनी खांदा लावला. एक फळी कुरकुरत उघडली, मग दुसरी. खातूंचं तोंड क्षणभर दिसलं आणि ते घाईघाईने मागे सरकले.

बोसन उतरले. रस्त्याच्या पलीकडच्या पायरीवर बसले, गुडघ्यावर फळी घेतली आणि कामाला लागले. दिवसभर बसले. खातूंनी दुकानातून कोकम सरबत आणून त्यांच्या शेजारी ठेवलं आणि न बोलता परत गेले. बोसन ते प्यायले. मी छत्री धरून उभा होतो. एकेक कमान झाली, एकेक चिरा झाला, कौलं झाली, दुकानाबाहेर टांगलेल्या बादल्यासुद्धा झाल्या. मधली खिडकी तेवढी कोरी राहिली.

ऊन कललं. खातूंनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि जुन्या सवयीने खिडकी लावायला वर गेले. आम्हाला ते खिडकीत दिसले. एक हात या फळीवर, एक त्या फळीवर. बोसनचा ब्रश हवेत थांबला. खातूंनी खाली बघितलं. मग हात सोडले आणि ते खाली आले. रस्ता ओलांडून आमच्यासमोर उभे राहिले.

"राहू दे उगडी," खातू म्हणाले.

"पानी येईल," बोसन म्हणाले. "पोती भिजतील तुजी."

"भिजू देत."

एवढंच त्या दोघांचं बोलणं झालं. खातू घरी गेले. मी दिवसभर उभा राहून दमलो होतो, पायांत गोळे आले होते, आणि भावना कितीही दाटल्या तरी माणसाचे पाय त्याचेच असतात. मी म्हणालो, "बोसन, आता भरा तो काळोख आणि उठा. उजेड गेला की रंग दिसायचा नाही."

बोसननी ब्रश पाण्यात बुडवला, झटकला आणि पेटी मिटली. खिडकीच्या जागी कागद होता तसाच पांढरा होता.

"अहो, खिडकी राहिली! काळोख?"

"हिच्यात कसला काळोख, मेल्या," बोसन म्हणाले.

वखार पाडली. चित्र अजून ओलं आहे असं बोसनचं म्हणणं असल्यामुळे ते आमच्या तांदळाच्या पिंपात आहे. शुभा तांदूळ काढताना ते आधी पदराने पुसते. मिक्सर पुन्हा वर गेला आहे आणि माझा आणखी एक बनियन दिसेनासा झाला आहे.

पावसाळ्यात छतावरच्या डागांना तिसरा येऊन मिळाला. काल आडव्या सरीने पाणी थेट टीव्हीवर टपकायला लागलं, तेव्हा शुभा म्हणाली, "वर जाऊन सांगा ना त्यांना, खिडकी लावा म्हणून." मी तणतणत उठलो, जिना अर्धा चढलो. वरून त्यांच्या घरातला पावसाचा आवाज येत होता. मी खाली आलो, टीव्ही भिंतीकडे सरकवला आणि त्याच्या जागी बादली ठेवली.